टिक वाजली, पण मोटर उठली नाही

हरभरा घाट्यावर आला की आमच्या शिवारातली झोप लाइनीच्या वेळापत्रकावर चालते. एक आठवडा दिवसाची लाइन, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की कुणीतरी उठायचं, हातात बॅटरी आणि काठी घ्यायची, रानडुकरं चुकवत बांधाबांधाने विहिरीवर जायचं आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. म्हणून शिरपूरच्या आसपास बऱ्याच स्टार्टरांशेजारी आता एक लहानसा डबा लटकलेला दिसतो. आत सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की मोटर सुरू, पुन्हा लावला की बंद. लोक त्याला मोबाईल स्टार्टर म्हणतात.

शेजारचे काका असाच एक डबा काखोटीला मारून माझ्याकडे आले. खाटेवर बसण्याआधीच म्हणाले, "भाऊ, डब्यात टिक वाजते. मोटर चालू झाली म्हणून मेसेजबी येते. पण सकाळी जाऊन पाहावं तं पाट कोरडा. काऊन होत असन असं?"

मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. बोर्ड दुरुस्त करण्यात बरीच वर्षं गेली आणि त्यातला मोठा हिस्सा या एकाच तक्रारीत गेला: यंत्र म्हणतं केलं, आणि प्रत्यक्षात झालेलं नसतं.

त्या डब्यात काय चालतं ते आधी सांगतो. तीनही फेजचं व्होल्टेज आणि मोटर ओढत असलेला करंट तो सतत मोजत असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एका आवर्तनात ३२ वेळा मोजायचं म्हटलं तर दर ६२५ मायक्रोसेकंदांनी एक नोंद घ्यावी लागते. कारखान्यातल्या मोठ्या डेटा अ‍ॅक्विझिशन बोर्डाचं कामही हेच, फक्त त्याला तारा जास्त असतात. या मोजण्यावरून डबा ठरवतो की मोटर चालवायची की थांबवायची. एक फेज गेला आणि मोटर दोनच फेजवर घुमत राहिली, तर काही मिनिटांत वाइंडिंग जळतं आणि रिवाइंडिंगचा खर्च गळ्यात पडतो. म्हणून या कामाला ‘रिअल टाइम’ म्हणतात. त्याचा अर्थ भन्नाट वेगवान असा नाही. ठरलेल्या वेळेच्या आत, दर वेळी, हमखास, एवढाच आहे. पोळा झाल्यावर बैलाला झूल घालून काय उपयोग.

मोजताना चूक झाली तर कागदावर एक चुकीचा आकडा येतो. तो खोडता येतो. आउटपुटमध्ये चूक झाली तर काहीतरी हलतं, फिरतं, जळतं, किंवा हलायचं तेव्हा हलत नाही. म्हणून आउटपुटचा ड्रायव्हर तपासणं हे वेगळंच काम आहे. ड्रायव्हर या शब्दाचे आमच्या धंद्यात दोन अर्थ. एक म्हणजे प्रोग्रामचा तो तुकडा, जो ‘चालू कर’ हा हुकूम बोर्डाच्या रजिस्टरमध्ये बिट म्हणून लिहितो. दुसरा म्हणजे त्या बिटाच्या दुबळ्या ताकदीला जोर देणारी चिप. मायक्रोकंट्रोलरची पिन फार तर वीसेक मिलिअँपिअर देणार. रिले म्हणजे कॉइलने ओढला जाणारा स्विच; बारा व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल ४०० ओहमची असली तर तिला ३० मिलिअँपिअर लागतात. मग मधे यूएलएन २००३ ही चिप बसवतात. तिच्यात सात स्विच असतात, प्रत्येक ५०० मिलिअँपिअर आणि ५० व्होल्ट सोसणारा. रिले स्टार्टरमधल्या मोठ्या स्विचच्या, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या, कॉइलला वीज देतो, कॉन्टॅक्टर मोटरला देतो, मोटर पाणी उचलते. बिट ते पाणी अशी ही साखळी आहे, आणि काकांची टिक तिच्या मधल्याच एका कडीची होती.

नवशिका माणूस प्रोग्राम उघडून बसतो. मीही तसाच बसायचो. आता उलट्या टोकाने चालतो. मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज आहे का? नाही. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर? नाही. रिलेच्या कॉन्टॅक्टच्या अलीकडे? आहे. तीन वेळा मल्टिमीटर लावला की निम्मा संशय फिटतो. पण घाई करून इथेच थांबलो तर बाकीच्या गोष्टी राहून जातील, आणि त्या सांगण्याजोग्या आहेत.

आमचं शिरपूर, म्हणजे शिरपूर जैन, हे नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. मूर्ती आधाराशिवाय अधांतरी विराजमान आहे अशी श्रद्धा आहे. तिच्या खालून कापड सरकतं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे अधांतरी हा शब्द आमच्या गावात हात जोडून उच्चारायचा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र याच्याइतका त्रासदायक शब्द नाही. जी पिन ना शून्याला बांधली ना एकला, ती अधांतरी. हात जवळ नेला तरी तिचं मत बदलतं.

डिप्लोमाला आम्हाला ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर ८२५५ नावाची चिप शिकवत. तीन पोर्ट, प्रत्येकी आठ, एकूण २४ तारा. जुन्या डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डांवर डिजिटल तारांसाठी तीच चिप किंवा तिची नक्कल असे. रीसेट मिळाला की तिच्या चोवीसही तारा इनपुट होतात, म्हणजे आउटपुट म्हणून अधांतरी. त्या तशा राहू नयेत म्हणून कार्डावर १० किलोओहमचे रेझिस्टर लावून त्या पाच व्होल्टकडे ओढलेल्या असल्या, तर काय होतं पाहा. ओढलेल्या तारेतून यूएलएनच्या इनपुटात पाव मिलिअँपिअरच्या आसपास करंट शिरतो. तो नगण्य वाटतो, पण त्या चिपमध्ये ट्रान्झिस्टरांची जोडी एकमेकांच्या खांद्यावर बसलेली असते आणि करंट हजारपट होतो. रिले आरामात ओढला जातो. संगणक अजून सुरू होतोय, प्रोग्राम जागाही झालेला नाही, आणि इकडे सगळे रिले टकटक करत लागलेले. प्रोग्राम कितीही वाचा, चूक सापडणार नाही, कारण त्या वेळी प्रोग्राम नसतोच. तारा शून्याकडे ओढल्या की प्रश्न मिटतो. दोन पैशांचा रेझिस्टर.

याच चिपची आणखी एक खोड आहे. तिला एखाद्या पोर्टची दिशा बदलायला सांगितली की आउटपुट असलेल्या सगळ्या तारा ती एकदम शून्य करते. हे डेटाशीटमध्ये स्पष्ट छापलेलं असतं. एका कारखान्यात माझ्याकडून हे वाचायचं राहिलं होतं. एक इनपुट वाढवायचं म्हणून चालत्या प्रोग्रामात दिशा बदलली आणि चालू असलेले सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद पडले. फोरमन काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. ते जास्त लागलं.

याहून छुपी चूक एकाच पोर्टवर दोघांनी लिहिण्याची. आठ तारांचा एक बाइट असतो. तिसरी तार बदलायची तर प्रोग्राम आधी सगळा बाइट वाचतो, तिसरा बिट बदलतो आणि सगळा परत लिहितो. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत इंटरप्ट, म्हणजे मधेच घुसणारं तातडीचं काम, आला आणि त्याने पाचवा बिट बदलला, तर परत लिहिताना पाचव्याची जुनी किंमत बसते. एकाच सातबाऱ्याची झेरॉक्स दोन भावांनी नेली, दोघांनी आपापली ओळ दुरुस्त केली आणि दोघांनी पूर्ण पान परत चिकटवलं, तर शेवटी आलेल्याचंच पान राहणार, तसं. ही चूक हजारात एकदा घडते आणि तपासायला बसलं की हटकून घडत नाही. उपाय म्हणजे तेवढ्या फटीपुरता इंटरप्ट थांबवणे, किंवा ज्या मायक्रोकंट्रोलरमध्ये एकेका बिटाला स्वतंत्र हुकूम देता येतो तो वापरणे.

जुन्या पिक मायक्रोकंट्रोलरांमध्ये तर दुसरा भाऊही लागत नाही. तिथे बिट बदलताना चिप आपलं रजिस्टर वाचत नाही, पिनवरचं खरं व्होल्टेज वाचते. एखादी पिन लोडखाली दबलेली असली, म्हणजे हुकूम एकचा पण पिनवर शून्याइतकंच व्होल्टेज, तर शेजारची पिन बदलताना तिचा हुकूमही शून्य होऊन जातो. नंतरच्या चिपांमध्ये त्यासाठी हुकमाचं रजिस्टर वेगळं आणि पिन वाचायचं वेगळं केलं. मला ही दुरुस्ती फार आवडते. सांगितलं काय आणि झालं काय, यांच्या दोन स्वतंत्र वह्या.

‘आता आउटपुट चालू केलं’ असा संदेश छापत चूक शोधायची सवय सगळ्यांना असते. वेळेच्या कामात ती घात करते. ९६०० बॉडच्या सीरियल तारेवर एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. चाळीस अक्षरांची ओळ म्हणजे चाळीस मिलिसेकंद, विजेची दोन पूर्ण आवर्तनं. छापत बसलेल्या प्रोग्रामात मूळ चूक गायब होते आणि नवीन उगवते. त्यापेक्षा एखादी रिकामी पिन घ्यावी, तपासायच्या तुकड्याच्या सुरुवातीला ती वर करावी, शेवटी खाली करावी आणि सीआरओवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, पट्टी पाहावी. पट्टीची रुंदी डळमळली की समजावं, कुणीतरी मधे घुसतंय. आणि हो, हे करताना रिलेच्या जागी एलईडी लावावा. तपासणीच्या नादात कोरड्या विहिरीवर मोटर चालवून पंपाचं सील जाळलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यातला एक मी.

आता थोडं लांब जाऊ. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या: १४ मधल्या चौकात, १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. नियंत्रण कक्ष एका जागी, तबकडी कित्येक किलोमीटरवर. म्हणजे काकांचीच अडचण, फक्त मोठ्या मापाची. हुकूम ऑप्टिकल फायबरवरून जातो, पण तबकडी वळली असं हुकमावरून कुणी धरून चालत नाही. आसावरचा एन्कोडर प्रत्यक्ष कोन मोजून परत कळवतो.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी या तबकड्या मंगळाकडे कान लावून बसल्या होत्या. युरोपीय अंतराळ संस्थेचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण रेडिओ संदेश खोडदला थेट ऐकू येत होता. पॅराशूट उघडलं तेही कळलं. मग उतरण्याच्या ठरलेल्या वेळेआधीच आवाज थांबला.

पुढे चौकशीत कारण बाहेर आलं. पॅराशूट उघडल्यावर यान जोरात हेलकावलं. फिरण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणाची मोजपट्टी संपली आणि सुमारे एक सेकंद ते कमाल आकड्यावरच अडकून राहिलं. संगणकाने तो आकडा खरा मानून हिशेब केला, तर उंची ऋण आली, म्हणजे यान जमिनीच्याही खाली. खरी उंची होती सुमारे ३.७ किलोमीटर. जमिनीवर पोचल्यावर जे करायचं ते संगणकाने बिनचूक केलं: पॅराशूट सोडलं, इंजिनं क्षणभर पेटवून बंद केली, जमिनीवरची उपकरणं सुरू केली. यान ताशी सुमारे ५४० किलोमीटर वेगाने आदळलं.

शियापरेलीच्या आउटपुटमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं, हे मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं. सगळे ड्रायव्हर आज्ञाधारक होते. एकानेही विचारलं नाही की जमिनीच्या खाली असलेलं यान पॅराशूट सोडणार कुठे. ऋण उंची आली तर हिशेबावर विश्वास ठेवू नये, एवढी एक ओळ प्रोग्रामात असती तर आणखी काही सेकंद मिळाले असते. अर्थात घरी खाटेवर बसून हे म्हणणं सोपं आहे.

काकांच्या डब्यात प्रकार बरोबर उलटा होता. मोजणं ठीक, हिशेब ठीक, बिट ठीक, यूएलएन ठीक, रिलेची कॉइलही ठीक, म्हणून तर टिक वाजत होती. रिलेचं प्लास्टिक टोपण कापून पाहिलं तर कॉन्टॅक्ट काजळीने काळे. कॉन्टॅक्टरची कॉइल म्हणजे तारेचं मोठं वेटोळं. तिचा करंट तोडताना ती अडून बसते आणि दर वेळी ठिणगी पडते. त्या ठिणग्यांनी चांदीचे ठिपके खाऊन टाकले होते. कधी कधी असेच कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून बसतात, मग डबा ‘बंद’ म्हणतो आणि मोटर चालूच राहते. ते याहून वाईट.

रिले बदलला. कॉन्टॅक्टवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी आडवी लावली, ठिणगी गिळायला. पण खरी चूक मेसेजमध्ये होती. बिट लिहिला की लगेच ‘मोटर चालू’ असा मेसेज जात होता. करंट मोजणारा सेन्सर त्याच बोर्डावर बसलेला असताना त्याला कुणी विचारतच नव्हतं. ती अट टाकली. बिट लिहायचा, तीन सेकंद थांबायचं, तीनही फेजमधला करंट पाहायचा, तो पाच हॉर्सपॉवरच्या मोटरला शोभेल इतका, म्हणजे सात-साडेसात अँपिअरच्या आसपास असला तरच मेसेज. फार कमी आला तर ‘मोटर उठली नाही, स्टार्टर पाहा’ असा दुसरा मेसेज.

आठ दिवसांनी काका रस्त्यात भेटले. पाणी व्यवस्थित चालू होतं, तरी चेहऱ्यावर तक्रार होतीच.

"काय केलं तुनं डब्याले? पह्यले फोन लावला की पटकन मेसेज ये. आता दम खाते थो."