नवा मोबाईल घेताय? जुना लगेच दुकानात देऊ नका. फोटो, नंबर, व्हॉट्सॲप आधी असं हलवा

सोयाबीनचे पैसे हातात आले की तालुक्याच्या मोबाईल दुकानांत गर्दी होते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर एक्स्चेंजच्या पाट्या लागतात. जुना द्या, हजार-दोन हजार कमी करून नवा न्या. दुकानदार जुन्यातलं सिम काढतो, नव्यात घालतो, "झालं, आता सगळं यात येतंय" म्हणतो. माणूस डबा पिशवीत घालून एसटीनं घरी येतो. रात्री जेवणं झाल्यावर पोरं गॅलरी उघडतात तर ती रिकामी. नंबर निम्मेच आलेले. व्हॉट्सॲपवर ग्रुपांची नावं दिसतात, आत मात्र काहीच नाही. तोवर जुना मोबाईल दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये गेलेला असतो.

अशा वेळी खरी हळहळ लागते ती गेलेल्या माणसांच्या फोटोंची. वडील वारलेले असतात आणि बांधावर बसलेला त्यांचा शेवटचा फोटो फक्त त्याच मोबाईलमध्ये असतो. आजीनं नातवाला पाठवलेला आवाज असतो. त्याच्या खालोखाल कामाच्या गोष्टी. ट्रॅक्टरवाल्यानं टोळीच्या मुकादमाला दिलेल्या उचलीचा हिशेब, कृषी सेवा केंद्राच्या बिलाचा फोटो, मोजणीच्या दिवशी काढलेले हद्दीच्या खुणांचे फोटो, पाण्यात गेलेल्या पिकाचे फोटो. उद्या वाद झाला तर हेच दाखवावं लागतं.

सिममध्ये यातलं काहीच नसतं. सिम म्हणजे तुमचा नंबर, आणि कुणी मुद्दाम सिमवर सेव्ह केले असतील तर थोडेफार कॉन्टॅक्ट. बाकी सगळं मोबाईलच्या मेमरीत असतं, नाहीतर गुगलच्या खात्यात. त्यामुळे नवा घेतला तरी जुना मोबाईल आठ-दहा दिवस घरातच ठेवावा. एक्स्चेंजचे पैसे सोडवत नसतील तर दुकानात जायच्या आदल्या दिवशी फोटो घरातल्या दुसऱ्या मोबाईलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप करून ठेवावा. मग खुशाल जा.

जीमेल कुणी काढलंय?

गावाकडच्या मोबाईलची खरी अडचण इथं आहे. पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा जीमेल दुकानदारानं काढून दिलेलं असतं, नाहीतर पुण्याला असलेल्या भाच्यानं. पासवर्ड त्यालाही आठवत नाही. जुना मोबाईल चालू असतो तोवर काही बिघडत नाही, कारण खातं आत उघडंच असतं. नव्या मोबाईलनं पासवर्ड विचारला की मग पंचाईत. वैतागून दुकानदार नवं जीमेल काढून देतो आणि जुन्या खात्यातले नंबर, फोटो तिकडंच राहतात.

म्हणून जुना मोबाईल हातात आणि चालू असतानाच सेटिंग्ज उघडायची, त्यात 'गुगल'वर जायचं आणि जीमेलचा पत्ता कागदावर लिहून घ्यायचा. तिथंच खात्याच्या सुरक्षेच्या भागात रिकव्हरी नंबर कुणाचा आहे ते बघायचं. दुकानदाराचा किंवा बंद पडलेला नंबर असेल तर आपला घालायचा. पासवर्ड माहीत नसेल तर 'पासवर्ड विसरलात' दाबून नवा करता येतो, आणि ज्या मोबाईलमध्ये खातं आधीपासून चालू आहे त्यावरून हे काम सोपं जातं. नवा पासवर्ड सातबाऱ्याच्या फाईलीत लिहून ठेवा. मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवण्यात अर्थ नाही, मोबाईल हरवला की चिठ्ठीही गेली. काही मोबाईलमध्ये दोन-तीन जीमेल निघतात, एकात नंबर आणि दुसऱ्यात फोटो. ते सगळे लिहून घ्या.

नंबर आणि फोटो

नवा मोबाईल पहिल्यांदा चालू केला की तो स्वतःच विचारतो, जुन्या मोबाईलमधून ॲप आणि डेटा आणायचा का? घाईत लोक इथं नको म्हणून पुढं जातात. हो म्हणायचं. दोन्ही मोबाईल चार्ज करून शेजारी ठेवायचे आणि स्क्रीनवर सांगेल तसं करत जायचं. केबल असेल तर तिनं जोडलेलं बरं, काम लवकर होतं. नंबर, मेसेज, फोटो आणि बरीचशी ॲप यातच येऊन जातात. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांनी जुन्या मोबाईलमध्ये 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप घ्यायचं, पण तो प्रकार गावात कमीच.

ही पायरी सुटली असेल तरी हरकत नाही. नंबरांसाठी जुन्या मोबाईलच्या कॉन्टॅक्ट ॲपमध्ये 'एक्स्पोर्ट' असतं. ते केलं की सगळ्या नंबरांची एकच फाईल तयार होते, तिच्या नावाशेवटी व्हीसीएफ असं असतं. ती नव्या मोबाईलवर पाठवून उघडली की सगळे नंबर एकदम येतात. सिमवरचे आणि फोनच्या मेमरीतले नंबर गुगलवर आपोआप जात नाहीत, निम्मेच नंबर आले असं होतं ते यामुळं. नव्या मोबाईलमध्ये यापुढं प्रत्येक नंबर जीमेलवरच सेव्ह होईल अशी सेटिंग एकदाच करून टाका.

फोटो हलवायला बरेच जण सोपा रस्ता धरतात. जुन्यावरून घरातल्या कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि तिथून नव्यावर घ्यायचे. फोटो जातात, पण व्हॉट्सॲप त्यांचा आकार लहान करतं आणि फोटो कधी, कुठं काढला ही आतली नोंद पुसली जाते. देवळातल्या कार्यक्रमाच्या फोटोंना त्यानं फरक पडत नाही. नुकसानीच्या किंवा हद्दीच्या फोटोंना पडतो. व्हॉट्सॲपवरूनच पाठवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग फोटो आहे तसा जातो.

त्याहून चांगला रस्ता 'क्विक शेअर'चा. पूर्वी याचंच नाव 'निअरबाय शेअर' होतं, 2024 पासून बदललं. दोन्ही मोबाईलचं ब्लूटूथ, वायफाय आणि लोकेशन चालू करायचं, फोटो निवडायचे, शेअरमध्ये क्विक शेअर दाबायचं. मोबाईल शेजारी ठेवले की फोटो थेट इकडून तिकडं जातात, नेटचा डेटा लागत नाही. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर आणि वाडीवरच्या रेंजवर हजारो फोटो गुगलवर चढवत बसण्यापेक्षा हे बरं.

ज्यांचे फोटो गुगल फोटोजवर जातात त्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथं मुळात कॅमेऱ्यानं काढलेले फोटो जातात. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि त्या फोल्डरचा बॅकअप चालू केल्याशिवाय ते जात नाहीत. लग्नाचे, बारशाचे निम्मे फोटो तर दुसऱ्यांनी पाठवलेलेच असतात! जागाही मोजकी आहे. 1 जून 2021 पासून गुगलची हवे तितके फोटो फुकट ठेवण्याची सोय बंद झाली. आता फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून 15 जीबी मिळतात. ती भरली की बॅकअप थांबतो आणि त्याची सूचना इंग्रजीत आली तर कुणी वाचत नाही.

कॉल रेकॉर्डिंग आणि डाउनलोड केलेले कागद गॅलरीत दिसत नाहीत. ते 'फाइल्स'मध्ये जाऊन शोधावे लागतात आणि तसेच क्विक शेअरनं हलवावे लागतात.

व्हॉट्सॲपमध्ये 'स्किप' दाबू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, तेही एका बटणामुळं. नव्या मोबाईलमध्ये व्हॉट्सॲप टाकून नंबर घातला की ते जुना बॅकअप परत आणायचा का म्हणून विचारतं. सोबत 'स्किप'ही लिहिलेलं असतं. डेटा जाईल, वेळ लागेल म्हणून दुकानात स्किप दाबलं जातं आणि व्हॉट्सॲप कोरं उघडतं. त्यानंतर नव्या मोबाईलनं त्याच गुगल खात्यावर बॅकअप केला की जुन्या बॅकअपवर हा रिकामा चढतो. गुगलवर शेवटचा एकच बॅकअप राहतो. स्किप झालंच असेल तर नवा बॅकअप होऊ न देता व्हॉट्सॲप काढून टाकायचं, परत घ्यायचं आणि या वेळी 'रिस्टोअर' दाबायचं. नंबर तोच आणि मोबाईलमध्ये जीमेलही तेच पाहिजे, नाहीतर बॅकअप सापडतच नाही.

जुना मोबाईल हाताशी असेल तर गुगलची गरजच पडत नाही. जुन्यात व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', त्यात 'ट्रान्सफर चॅट्स' उघडून ठेवायचं. सिम नव्यात घालायचं, तिथं व्हॉट्सॲप घेऊन तोच नंबर टाकायचा. जुन्या फोनवरून चॅट आणायचे का असं आलं की हो म्हणायचं. नव्याच्या स्क्रीनवर क्यूआर कोड येईल, तो जुन्या मोबाईलनं स्कॅन करायचा. दुकानात पैसे देताना करतो तसंच. मग दोन्ही मोबाईल शेजारी ठेवून सोडून द्यायचे. मेसेज, फोटो, आवाज सगळं जातं. खूप वर्षांचं असेल तर तास-दोन तासही लागतात, मध्येच कुणाचा फोन घेत बसू नका. ही सोय 2023 पासून आहे, पण दुकानात कुणी सांगत नाही. एवढा वेळ गिऱ्हाइकामागं घालवायला त्यालाही परवडत नाही, हेही खरं.

पैशाची ॲप आणि शेतीची ॲप

फोनपे, गुगल पे, भीम यांतले पैसे मोबाईलमध्ये नसतात, बँकेत असतात. नव्या मोबाईलमध्ये ॲप घेऊन परत नोंदणी करायची एवढंच. बँकेला जोडलेलं सिम त्याच मोबाईलमध्ये पाहिजे, कारण ॲप त्या सिमवरून बँकेकडं एक एसएमएस पाठवतं. त्यामुळे एसएमएस जाईल एवढा रिचार्ज हवा. दोन सिम असतील तर बरोबर सिम निवडा. यूपीआय पिन बहुतेक वेळा जुनाच चालतो. मोबाईल बदलल्यावर पहिले 24 तास साधारण 5000 रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात, तेव्हा बियाण्याच्या किंवा खताच्या मोठ्या पेमेंटच्या दिवशी मोबाईल बदलू नका. आणि दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी पिन आपण स्वतः टाकायचा.

डिजीलॉकरमधले कागद खात्यावर असतात, नव्या मोबाईलवर लॉगिन केलं की दिसतात. ई-पीक पाहणीचं तसंच, अपलोड झालेली नोंद सरकारकडं गेलेली असते. रेंज नव्हती म्हणून अपलोड व्हायची राहिलेली नोंद मात्र जुन्या मोबाईलमध्येच अडकते. मोबाईल बदलायच्या आधी ती पाठवून मोकळं व्हा.

डिस्प्ले फुटला असेल तर

नवा मोबाईल बऱ्याचदा यासाठीच घेतला जातो. ट्रॅक्टरवरून पडला, काच फुटली, टच चालेना. स्क्रीनवर दिसतंय पण बोटानं काही होत नाही, अशा वेळी ओटीजी केबल लावून तिला कॉम्प्युटरचा साधा माऊस जोडायचा. बऱ्याच मोबाईलमध्ये स्क्रीनवर बाण येतो आणि टच नसतानाही सगळं उघडता येतं. स्क्रीन पूर्ण काळी असेल तरी आतला डेटा बहुधा शाबूत असतो, कारण तो बोर्डावरच्या मेमरीत असतो. साधा डिस्प्ले बसवून घेतला तर निदान फोटो काढून घेता येतात. त्याला दीड-दोन हजार जातील, ते द्यायचे की नाही हे आत काय आहे त्यावर ठरवा. दुरुस्तीला देताना मात्र "रिसेट मारू नको" हे आधीच बजावून सांगा.

जुना देताना

सगळं नव्यात आलंय हे बघायला आठ-दहा दिवस पुरतात. मग जुना मोबाईल पोराला देणार असाल तरी त्यातून आपलं जीमेल काढा. खातं तसंच राहिलं आणि जागा करायला पोरानं गुगल फोटोजमधले फोटो उडवले तर ते तुमच्या नव्या मोबाईलमधूनही जातात. 60 दिवसांच्या आत लक्षात आलं तर 'बिन'मधून परत घेता येतात, पण लक्षात यायला तर हवं.

विकायचा असेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढा, सेटिंग्जमधून गुगल खातं काढून टाका आणि त्यानंतरच फॅक्टरी रिसेट करा. खातं न काढता रिसेट केला आणि मोबाईल चालू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागू लागला, तर घेणारा दुसऱ्या दिवशी दारात येतो. नुसते फोटो डिलीट करून भागत नाही, डिलीट केलेलं काढणारे असतात. गल्लीत भोंगा लावून "जुना, फुटका, बंद पडलेला मोबाईल द्या, भांडी न्या" म्हणत फिरणारे येतात, त्यांना चालू होत नसलेला मोबाईल तर देऊच नका. तो रिसेट करता येत नाही, आणि आतल्या फोटोंसकट, बँकेच्या मेसेजसकट कुठं जातो ते कळत नाही. दुकानात दिला तर पावती घ्या. त्यावर आयएमईआय नंबर लिहून घ्या. डायल पॅडवर *#06# दाबलं की तो स्क्रीनवर येतो, डब्यावरही छापलेला असतो.