कळपात नवी शेळी सोडताना: एक निरीक्षण, एक चूक आणि संशोधनाचे चार धडे



मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "संशोधनाचा प्रश्न नेमका सुचतो कुठे?" माझं उत्तर आहे, गोठ्यात. आज त्याचीच गोष्ट सांगते. तिचा शेवट चांगला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव भूम तालुक्यात. घरी अकरा शेळ्या, सगळ्या उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं असलं तरी जातीचं नाव तेच राहिलं आहे. काळाभोर रंग, जुळी करडं देणारी, कमी पाण्याच्या मुलखात तग धरणारी ही जात. यात बोकड बहुतेक शिंगवाले असतात. माद्यांत मात्र शिंगवाल्या आणि भुंड्या, दोन्ही सापडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत आईने आठवडी बाजारातून एक भुंडी शेळी आणली, साडेतीन महिन्यांची गाभण. (शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा असतो.) आई रानात गेली आणि मी तिला थेट कळपात सोडलं. वही, पेन, मोबाईलचं घड्याळ घेऊन लिंबाखाली बसले. प्राणिवर्तन नुकतंच शिकले होते ना!

चाळीस मिनिटांत मी ५३ ढुशा मोजल्या. कोणी मारली, कुठे लागली, सगळं लिहिलं. आमची थोरली शिंगवाली तिला गव्हाणीच्या कोपऱ्यात अडवून पोटावर मारत होती आणि मी रकाने भरत होते. तेवढ्यात आई आली. तिने आधी काठीने थोरलीला हाकललं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मोजत बसलीस व्हय गं? सोडवायचं सोडून?"

चौथ्या दिवशी ती शेळी गाभडली. दोन करडं होती.

धडा पहिला: "मारामुळे गाभडली" असं म्हणता येतं का?

घरात सगळ्यांनी तेच म्हटलं. मीही मनात तेच धरून बसले. पण संशोधक म्हणून बघा. शेळी एकच. तुलनेला दुसरी नाही. ती बाजारातून टेम्पोतून आली होती, म्हणजे प्रवासाचा ताण होता. चारा-पाणी बदललं होतं. ब्रुसेला, क्लॅमिडियासारख्या संसर्गानेही शेळ्या गाभडतात आणि आम्ही कोणतीच तपासणी केली नव्हती. म्हणजे कारणं किमान चार आणि त्यांना वेगळं करायला माझ्याकडे काहीच नाही. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही, हे पुस्तकात वाचणं सोपं असतं.

पण याचा अर्थ माझी चूक नव्हती, असाही होत नाही. कारण सिद्ध झालं नाही तरी धोका मला समोर दिसत होता. पुरावा आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धडा दुसरा: आधी वाचा, मग सोडा

नंतर मी शोधनिबंध वाचायला बसले आणि कळलं की हा प्रश्न आधीच कितीतरी जणांनी अभ्यासलाय.

स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकेकटी शेळी छोट्या, जमलेल्या कळपात सोडून पाहिली होती. नव्या शेळीचं बसणं-विसावणं कमी झालं, खाणं कमी झालं आणि लेंड्यांमधून मोजलेले ताणाच्या संप्रेरकाचे अंश वाढले. जुन्या शेळ्यांना जवळजवळ काहीच फरक पडला नाही! म्हणजे सगळी किंमत नवखीच मोजते. आणि ती किंमत जखमेत दिसेलच असं नाही. अंगावर ओरखडा नसलेली शेळीही दोन दिवस उपाशी असू शकते.

व्हिएन्नामधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दुसरा प्रश्न विचारला: सोडायचं तर कधी? तरुण शेळ्या मोठ्या कळपात गाभणपणी, भाकड काळात सोडल्या तर जास्त ताण की व्याल्यानंतर? उत्तर आलं की व्याल्यानंतर सोडल्यास ताण कमी. मी नेमकं उलटं केलं होतं.

घोड्यांवरचा अभ्यासही उपयोगी पडला. अनोळखी घोड्यांना आधी शेजारशेजारच्या कप्प्यांत ठेवून एकमेकांना बघू-हुंगू दिलं आणि मग एकत्र सोडलं, तर प्रत्यक्ष अंगावर जाणं कमी होतं, असं २००९ च्या एका प्रयोगात दिसलं. घोडा मागच्या पायाने लाथ मारतो, म्हणून मिसळण्याआधी त्याचे मागचे नाल काढायचा सल्ला देतात. शेळी डोक्याने मारते, म्हणून तिच्या बाबतीत प्रश्न शिंगांचा. हत्यार वेगळं, पण कारण तेच: कळपातली उतरंड नव्याने ठरत असते.

धडा तिसरा: "जखम" म्हणजे नेमकं काय?

मी ढुशा मोजल्या, पण जखमा नीट लिहिल्याच नाहीत. "थोडं लागलं", "बरंच लागलं" असं वहीत आहे. हे मोजमाप नव्हे. नॉर्डिक देशांतल्या संशोधकांनी २०१० मध्ये घोड्यांच्या जखमांसाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली: पहिली पायरी नुसते केस गेलेले, पाचवी अत्यंत गंभीर दुखापत. मग वेगवेगळ्या निरीक्षकांना त्याच जखमा दाखवून त्यांचे आकडे जुळतात का, हेही तपासलं. याला निरीक्षकांमधली सहमती म्हणतात आणि ती कॅप्पा या सूचकांकाने मोजतात. तुमची मोजपट्टी तुमच्या मैत्रिणीच्या हातात दिली आणि तिचं उत्तर वेगळं आलं, तर दोष शेळीत नाही, मोजपट्टीत आहे.

आणखी एक. एका कळपातल्या अकरा शेळ्या म्हणजे अकरा नमुने नव्हेत. त्या एकमेकींवर परिणाम करतात. "नवी शेळी कळपात सोडणे" याचा अभ्यास करायचा तर एकक कळप आहे, म्हणजे अनेक कळप हवेत. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात.

मग गोठ्यात करायचं काय?

आता आमच्या घरी असं करतो:

१. नवी शेळी किमान २१ दिवस वेगळी, दूर. पीपीआर, आंत्रविषार यांच्या लसीकरणाची खात्री आणि जंतनिर्मूलन याच काळात.

२. मग आठवडाभर शेजारी, मध्ये तुराट्यांचा कूड किंवा जाळी. चारा कुडाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे बघत-हुंगत खातात.

३. शक्यतो एकटी नाही, दोघी सोडायच्या. गाभण शेळी व्याल्यावरच. भुंडीला एकदम शिंगवाल्यांत सोडत नाही.

४. सोडायचं सकाळी, कळपाचं पोट भरल्यावर, मोकळ्या जागेत. पळायला वाट हवी. कोपऱ्यातली अडगळ आधी काढायची. गव्हाणी एकाऐवजी तीन, लांब लांब.

५. पहिले दोन-तीन तास माणूस तिथेच. डोक्याला डोकं भिडतंय तोवर मध्ये पडत नाही, कारण उतरंड ठरावी लागते. पण पोटावर किंवा कासेवर मार, कोपऱ्यात अडकणं, रक्त, खाली पडणं, यातलं एकही दिसलं की लगेच वेगळं करायचं. संध्याकाळी ती खाते का आणि बसते का, तेही बघायचं.

लागलंच तर: वाहतं रक्त स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. जखम मिठाच्या पाण्याने धुवा (एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ), मग पोव्हिडोन आयोडीन. चुना, हळद-तिखट, जळकं ऑइल, पेट्रोल काही लावू नका. माश्या बसल्या की अळ्या पडतात, म्हणून रोज बघा. शिंग बुडातून मोडलं तर छिद्रात पाणी ओतू नका, कारण ते कवटीतल्या पोकळीशी जोडलेलं असतं. झाकून ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. डोळा, कास, खोल जखम, लंगडणं यांनाही डॉक्टरच हवेत. धनुर्वाताची लस त्यांना आठवणीने विचारा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२. वेदनाशामक स्वतःच्या मनाने देऊ नका. डायक्लोफेनॅकवर तर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, कारण त्याने गिधाडं मेली.

पोटावर मार बसलेली शेळी वरून ठीक दिसते. ती खात नसेल, दात खात असेल, मागून स्राव असेल तर थांबू नका. गाभडलीच, तर वार आणि करडं उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेला माणसालाही होतो. आईने त्या दिवशी सगळं उघड्या हातानेच उचललं होतं. नशीब, काही झालं नाही.

धडा चौथा: कधी थांबायचं, हे आधी लिहा

आपण मुद्दाम जनावरं एकत्र आणून अभ्यास करतो तेव्हा संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. बरेच विद्यार्थी तो अर्ज कटकट म्हणून भरतात. त्यात एक रकाना असतो: प्रयोग मध्येच कधी थांबवणार? तो रकाना माझ्यासाठी लिंबाखाली बसलेल्या त्या चाळीस मिनिटांचा आहे. वही हातात असली की माणसाला वाटतं, अजून थोडा वेळ, अजून थोडा डेटा. म्हणून थांबण्याचा निकष आधी, शांत डोक्याने, आकड्यात लिहून ठेवायचा.

ती वही माझ्याकडे अजून आहे. ५३ ढुशांचा तो तक्ता मी कुठेही वापरलेला नाही. पण पीएच.डी.च्या आराखड्यात "थांबण्याचे निकष" हा भाग मी सगळ्यात आधी लिहिला.

आणि ती भुंडी? पुढच्या वर्षी तिने जुळी दिली. आता कळपात नवखी कोणी आली की सगळ्यात आधी ढुशी मारायला तीच जाते!

तुमच्या विषयात "कधी थांबायचं" हे कसं ठरवाल? एका कागदावर तीन ओळी लिहून बघा आणि मार्गदर्शकांना दाखवा. भेटू पुढच्या लेखात.