ढब्बूचा जेवणाचा वार

शेजारची मंडळी मे महिन्यात गावी निघाली, की खोलीची किल्ली माझ्याकडे येते. करी रोडच्या आमच्या चाळीत हे काही नवीन नाही. एकीच्या किल्लीवर दुसरीची तुळस जगते. पण त्या वर्षी किल्लीबरोबर त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने एक काचेची पेटीही आणून ठेवली. "काकू, एवढं ढब्बूला सांभाळा हं. काही त्रास नाही त्याचा, जागचा हलतसुद्धा नाही."

मी वाकून पाहिलं. ओलसर भुशातून वर आलेलं एक भलंमोठं तोंड आणि त्यावर दोन डोळे. अगं बाई, हा तर बेडूक!

साधासुधा नव्हे, शिंगवाला बेडूक. डोळ्यांच्या वर कातडीची दोन टोकं शिंगांसारखी दिसतात म्हणून हे नाव. दुकानदार त्याला 'पॅकमन' म्हणतात, त्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या खादाड तोंडावरून. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अर्जेंटिना, पॅराग्वे त्या बाजूचा. अंग म्हणजे जवळजवळ सगळं तोंडच. मादी तर तळहात भरून उरेल एवढी होते. भक्ष्याच्या मागे धावणं याच्या स्वभावात नाही. भुशात अर्धा गाडून घ्यायचं आणि समोरून काही हललं की गट्टम! बोटसुद्धा चालतं त्याला. माझं धरलं होतं एकदा. चांगलाच चावतो.

सासूबाईंनी "देवघरासमोर हे ध्यान नको" म्हटल्यावर पेटी पोटमाळ्यावर गेली. मेचा महिना, पोटमाळा म्हणजे भट्टी. मी दोन-तीनदा डोकावले. ढब्बू खाली गाडून बसलेला. झोपला असेल, उगीच कशाला उठवा, म्हणून परत फिरले. भुशावर रोज पाणी शिंपडायचं असतं हे तो मुलगा सांगायला विसरला आणि मी विचारायला. तीन आठवड्यांनी बघते तर भुसा खडखडीत आणि आत कागदात गुंडाळल्यासारखा कडक झालेला बेडूक. माझ्या पोटात गोळाच आला. परक्याच्या मुलाचा जीव लावलेला प्राणी माझ्या हातून गेला!

रडवेल्या आवाजात गावी फोन केला. पोरगा म्हणाला, "काकू, टाकू नका. उथळ पाण्यात ठेवा." ठेवला. काही तासांनी ते कडक आवरण सुटायला लागलं आणि ढब्बूसाहेब पुढच्या दोन्ही पायांनी ते तोंडात कोंबू लागले! टाकलेली कात हे बेडूक खाऊनच टाकतात. नंतर कळलं की कोरड्या मोसमात हे जमिनीत गाडून घेतात आणि कातडीचे थर अंगावर तसेच ठेवून आतली ओल धरून ठेवतात. म्हणजे माझ्या हलगर्जीपणावर इलाज त्याच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता.

पेटी लगेच खाली आली. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. आता तिची जागा मोरीच्या बाजूला, सावलीत. खाली नारळाच्या काथ्याचा भुसा, दोन-तीन इंच. खडे घालायचे नाहीत, घासाबरोबर पोटात जाऊन अडकतात. हवा साधारण 24 ते 28 अंश लागते. दमटपणाची काळजी मुंबईकराला कशाला, पण उन्हाळा आणि गॅसची धग यांची मात्र आहे. पाणी नळाचं थेट नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, त्यामुळे पाण्यातलं औषधही अंगात जातं. मी आदल्या दिवशीची बादली उघडी ठेवते आणि माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात ते घालते. पाण्यात घाण केली की ताबडतोब बदलायचं. आणि एका पेटीत एकच बेडूक. दुसरा ठेवलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच उरेल!

पुढे मुलगा पुण्याला होस्टेलवर गेला आणि ढब्बू माझ्याकडेच राहिला. इथून माझी दुसरी चूक सुरू झाली. आपल्या बायकांचं कसं असतं, समोरच्याने आ केला की हात ताटाकडे जातोच. हा तर सदाचाच आ वासलेला. रोज गांडुळं, वर गप्पी मासे. चाळीतली पोरं तर त्याचा घास बघायला रांग लावत. एकाने पिंजऱ्यातला उंदीर आणला, तो तेवढा मी परत पाठवला. विष खाल्लेला असला तर? घरातली झुरळंही त्याच कारणाने बाद, औषध आपणच मारलेलं असतं. नाहीतर फुकटचा माल होता हो!

सहा महिन्यांत ढब्बूच्या कुशी लोंबायला लागल्या, बसल्या जागी धापा टाकू लागला. परळला 1886 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, जनावरांचे डॉक्टर आमच्या भागाला नवे नाहीत. पण बेडूक बघणारा डॉक्टर शोधायला मला दोन आठवडे लागले. त्यांनी त्याला हातात घेतला आणि मला विचारलं, "रोज देता ना?" मी मान खाली घातली. म्हणाले, "बाई, याला भूक कळते, पुरे झालं ते कळत नाही. ते तुम्हाला कळायला हवं." लहान असतो तेव्हा दिवसाआड ठीक, पण मोठ्याला आठवडा-दहा दिवसांतून एकदाच. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा घास नको. गांडूळ उत्तम, वर चिमूटभर कॅल्शिअमची पूड, नाहीतर हाडं मऊ पडतात. घास चिमट्याने द्यायचा, बोटाने नव्हे. त्याला हात लावावा लागलाच तर ओल्या हाताने, आणि नंतर साबणाने हात धुवायचे.

घरी येऊन कॅलेंडरवर गुरुवारांना खुणा केल्या. पहिले पंधरा दिवस माझेच कठीण गेले. पदर खोचून स्वयंपाकाला लागले की तो काचेतून बघायचा. म्हणजे मला तसं वाटायचं.

एक मात्र बजावून सांगते. पावसात नाचणारे आपल्याकडचे पिवळेधमक मोठे बेडूक हौसेने घरी आणू नका, वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. परदेशी प्राण्यांपैकी ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन आहे, त्यांची नोंद करण्याचे नियम केंद्र सरकारने 2024 मध्ये काढले आहेत. तेव्हा घेण्याआधी वन खात्याकडे विचारा आणि दुकानदाराकडून पावती मागा. कंटाळा आला म्हणून नाल्यात सोडणं तर नकोच. आपलाच हा मोठा बेडूक अंदमानात जाऊन पोहोचला, तर तिथल्या छोट्या जिवांना खात सुटला आहे. शिवाय शिंगवाला बेडूक दहा-पंधरा वर्षं जगतो. मुलं दहावीत असताना हट्ट करतात, बेडूक त्यांच्या लग्नात असतो!

पुण्याहून दर रविवारी फोन येतो. आईची, अभ्यासाची चौकशी झाली की मुलगा हळूच विचारतो, "काकू, जेवला का तो?"

"नाही रे बाबा. त्याचा गुरुवार."