लाटेत उजेड येतो कुठून

दिवाळी उलटून थंडी पडायला लागली की मालवण, देवगडपासून थेट जुहूपर्यंत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या उजळल्याची बातमी येते. फोनवर फिरणाऱ्या फोटोंत हा रंग जरा जास्तच झगमगीत असतो, कारण कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवून तो उजेड साठवलेला असतो. प्रत्यक्षात तो फिकट दिसतो आणि चांदणं असेल तर नीट दिसतही नाही. पण तो असतो, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तो नॉक्टिल्युका सिंटिलान्स नावाच्या जिवाचा असतो.

नॉक्टिल्युका एकपेशीय आहे. एका पेशीच्या मानाने मात्र ती चांगलीच मोठी, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. भिजलेल्या साबुदाण्यासारखी गोल आणि पारदर्शक, फक्त त्याहून कितीतरी लहान. तिचा बहुतेक भाग म्हणजे आम्लधर्मी द्रावाने भरलेली एक पोकळी. त्या द्रावात अमोनियाचे हलके आयन साठलेले असतात, त्यामुळे ती पाण्यावर तरंगत राहते. पोहण्याचं तिचं अंग नावापुरतंच, त्यामुळे ती जाते प्रवाह नेईल तिथे. एक छोटीशी सोंड असते. तिला चिकटेल ते ती आत घेते: डायटम ही सूक्ष्म शैवालं, कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी जिवांची अंडी, प्रसंगी माशांचीही.

आता उजेड. पेशीच्या कडेला पसरलेल्या द्रव्यात हजारो बारीक कण असतात. ल्युसिफेरिन हे इंधन आणि ते जाळणारं ल्युसिफेरेज हे विकर, दोन्ही त्या कणांतच असतात. मग ती सतत का चमकत नाही? कारण एरवी कणाच्या आतलं पाणी आम्लधर्मी नसतं आणि तशा पाण्यात ही रसायनं स्वस्थ बसून राहतात. लाट फुटली, वल्हं पडलं, कुणी पाय टाकला की पेशीचं आवरण ताणलं जातं. त्या ताणाने पोकळीच्या पडद्यावरून विजेची एक लहर धावते. आपल्या मज्जातंतूंतून संदेश जातो तो अशाच लहरीने. लहर पोचली की पोकळीतलं आम्ल कणांत शिरतं, विकर जागं होतं, ल्युसिफेरिनचा प्राणवायूशी संयोग होतो आणि निळा प्रकाश बाहेर पडतो. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आटोपतं. विजेचं हे नियंत्रण रॉजर एकर्ट यांनी १९६०च्या दशकात एकेका पेशीत बारीक नळ्या खुपसून मोजून दाखवलं.

म्हणजे आपल्याला दिसते ती लाटेतली लकाकी लाखो पेशींनी एकाच वेळी खाल्लेल्या दचक्याची असते. एवढा खटाटोप कशासाठी, याचं सर्वमान्य उत्तर असं: पेशीला खायला आलेल्या कोपेपॉडच्या अंगावर उजेड पडला की त्याला खाणाऱ्या माशाला तो दिसतो. कोपेपॉडला हे परवडत नाही, तो दूर राहतो. गंमत म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची नॉक्टिल्युका अजिबात चमकत नाही, तरी तिचं चांगलं चाललेलं आहे.

इथवरची गोष्ट कुठल्याही समुद्राची आहे. अरबी समुद्रातली नॉक्टिल्युका मात्र बहुतेक करून हिरवी असते, आणि मला तिचा उजेडापेक्षा हा रंग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. हिरवा रंग तिचा स्वतःचा नसतो. तिच्या पोकळीत पेडिनोमोनास नावाची शैवालं हजारोंनी पोहत असतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, त्यातला वाटा यजमान पेशीला मिळतो, आणि त्या बदल्यात त्यांना आसरा आणि अमोनिया मिळतो. शिकार मिळाली तर खायचं, नाही मिळाली तर घरच्या शेतीवर भागवायचं, असा हा दुहेरी कारभार.

उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी राज्य असे डायटमचं. हिमालय आणि तिबेटकडून येणारे थंड, कोरडे वारे पृष्ठभाग गार करत. गार झालेलं, बाष्पीभवनाने अधिक खारं झालेलं पाणी जड होऊन खाली जाई आणि खालचं नायट्रेटयुक्त पाणी वर येई. डायटमना तेच हवं असतं. १९९०च्या दशकातल्या मोठ्या मोहिमांत हिवाळी पाण्यात डायटमच भरपूर सापडले होते. त्यानंतरच्या वर्षांत तिथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड बहर येऊ लागले. उपग्रहांनाही दिसावेत असे.

मूळच्या गोव्यातल्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोज या शास्त्रज्ञांनी २०१४ साली सहकाऱ्यांसह याचं एक कारण मांडलं. अरबी समुद्रात काहीशे मीटर खोलीवर प्राणवायू जवळपास नसलेल्या पाण्याचा जाड थर आहे. तसलं पाणी वर सरकतं आहे, डायटमना ते मानवत नाही, पण नॉक्टिल्युकाच्या पोटातली शैवालं त्यात उलट जोमाने काम करतात, असं ‘सागर संपदा’ जहाजावरच्या प्रयोगांवरून त्यांचं म्हणणं होतं. पुढे २०२०मध्ये त्यांनी हिमालयातलं घटतं बर्फ यात जोडलं: बर्फ कमी, म्हणून वारे उबदार आणि दमट, म्हणून पाण्याची घुसळण कमी, म्हणून खालून खत येणं कमी. अशा उपाशी पाण्यात दुहेरी कारभार करणारीच टिकते.

मधल्या काळात, २०१८मध्ये, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतल्या संशोधकांनी प्राणवायूच्या मुद्द्याला हरकत घेतली. बहर असलेल्या वरच्या पाण्यात त्यांना प्राणवायू भरपूर आढळला. तुटवड्याचं पाणी बरंच खाली होतं. मला ही हरकत वजनदार वाटते. मोजमाप बहराच्या जागीच घेतलेलं आहे. बर्फ आणि वाऱ्यांच्या दुव्याला मात्र तिने धक्का लागत नाही.

मासेमारीच्या दृष्टीने प्रश्न पुढचा आहे. डायटमना कोपेपॉड खातात, कोपेपॉडना मासे खातात. नॉक्टिल्युका बहुतेक कोपेपॉडना गिळायला मोठी पडते. तिला खातात ते सॅल्प आणि जेलीफिशसारखे लिबलिबीत जीव, आणि त्यांना खाणारे मासे थोडेच. शिवाय बहर मरतो तेव्हा पोकळ्यांतला अमोनिया पाण्यात सुटतो आणि पेशी कुजताना प्राणवायू संपतो. बहर उथळ, कोंडलेल्या खाडीत मेला तर मासे गुदमरतात. उघड्या समुद्रात ते बहुधा पोहून निसटतात.