निलगिरीच्या पानात नेमकं असतं काय?

नांदेड-लातूर भागात कुठे बांधावर निलगिरी दिसली, तर एक पान तोडून उन्हासमोर धरा. बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगाळलं की त्या फुटतात आणि बामचा ओळखीचा वास येतो.

हा वास मुख्यतः 1,8-सिनिओल या टर्पीन गटातल्या संयुगाचा. ते नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवतं, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. सिनिओल उकळतं सुमारे 176 अंशांना, तरी पाण्याच्या वाफेबरोबर 100 अंशांच्या आतच बाहेर येतं. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचे बाष्पदाब बेरजेत येतात आणि मिश्रण लवकर उकळतं. प्रयोगशाळेत आम्ही याच युक्तीने तेल काढतो. 100 ग्रॅम ओल्या पानांतून साधारण 1-2 मिली मिळतं, तेही जात चांगली असेल तर!

जात महत्त्वाची. निलगिरी पर्वतात 1843 पासून लावलेली ग्लोब्युलस सिनिओलसाठी प्रसिद्ध. मैदानी भागात जास्त करून टेरेटिकॉर्निस दिसते, तिच्या तेलात सिनिओलचं प्रमाण झाडागणिक बदलतं. लिंबाच्या वासाच्या सिट्रिओडोरात तर सिट्रोनेलाल भरलेलं असतं.

झाड हे आपल्या सर्दीसाठी बनवत नाही, कीड दूर ठेवायला बनवतं. पानांच्या अर्कात बियांची उगवण मंदावते, हे प्रयोगांत दिसतं. पण बांधालगतची ज्वारी खुरटली की सगळं खापर या रसायनांवर फोडणं मला पटत नाही. सावली आणि पाण्याची ओढ आधी मोजायला हवी. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला हे वेगळं सांगायला नको.

आता वरचा आकडा परत बघा. 5 मिलीचा एक चमचा तेल म्हणजे पाव ते अर्धा किलो पानांतला ऐवज. "झाडपाल्याचंच तर आहे" म्हणून सर्दी झालेल्या लेकराला ते पाजू नका. इतकं तेल पोटात गेलं तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. चुकून प्यायलंच, तर उलटी करवू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.