सहा आठवड्यांत पंचवीस वर्षे

सौरघटांच्या कार्यक्षमतेचे विक्रम छापून कंटाळलेल्या आमच्या संपादकांनी ‘हे नवे घट टिकतात किती, तेवढे पाहून या’ असा हुकूम सोडला, आणि त्याची तामिली करण्याकरिता पेरोव्हस्काइट घटांच्या आयुष्याची परीक्षा घेणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी जाऊन पोहोचलो.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. 1839 साली उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाला लेव पेरोव्स्की या रशियन अमीराचे नाव मिळाले. त्याच धाटणीची स्फटिकरचना असलेल्या शिसे व आयोडीन यांच्या संयुगापासून 2009 साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घट बनविला, तेव्हा त्याची कार्यक्षमता चार टक्क्यांच्या आतच होती आणि आतल्या द्रवात ते संयुग विरघळत असल्यामुळे घट काही मिनिटांतच निकामी होत असे. आज प्रयोगशाळेतील लहान घट 26 टक्क्यांच्या आणि सिलिकॉनवर हा थर चढविलेले जोडघट 34 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. आपल्या पवईच्या आयआयटीतही अशा जोडघटांचे संशोधन चालू आहे. परंतु सिलिकॉनच्या पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी देण्याचा बाजाराचा रिवाज आहे, आणि घट म्हणून ज्याच्या वयाला अद्याप वीस वर्षेही झाली नाहीत त्या पदार्थाने तेवढ्या मुदतीचा जामीन द्यावा तरी कसा?

यावर तोड म्हणजे काळाला घाई करणे. कपाटाएवढ्या बंद पेटीत 85 अंश सेल्सिअस उष्णता आणि 85 टक्के आर्द्रता राखून पॅनेले 1000 तास, म्हणजे सुमारे सहा आठवडे, कोंडून ठेवायची, आणि दुसऱ्या पेटीत उणे 40 पासून 85 अंशांपर्यंत दोनशे वेळा थंड-गरम करायची, हा आंतरराष्ट्रीय दंडकांचा शिरस्ता. मात्र हे दंडक सिलिकॉनच्या दीर्घ अनुभवावरून ठरलेले आहेत.

पेट्यांची व्यवस्था पाहणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीने एक नमुना बाहेर काढून माझ्यासमोर उजेडात धरला. काचेखालचा थर काळपट तपकिरी होता. पण कडेची रबरी पट्टी जेथे किंचित सुटली होती, तेथून हळदीचे बोट लागावे तसा पिवळा डाग आत शिरला होता. ‘‘दमट हवा शिरली, की संयुग मोडतं आणि पिवळं लेड आयोडाइड मागे उरतं,’’ ती म्हणाली, ‘‘पण हा डाग बरा हो, निदान दिसतो तरी!’’

न दिसणाऱ्या दुखण्याचीच मला अधिक भूल पडली. प्रकाशात आणि विद्युद्दाबाखाली या स्फटिकातील आयोडीनचे आयन जागा सोडून सरकू लागतात, त्यामुळे दिवसभरात घटाची शक्ती उतरते. रात्री अंधारात ते पुष्कळसे परत फिरतात आणि सकाळी तोच घट पुन्हा ताजातवाना होऊन कामावर रुजू होतो. मग अखंड प्रकाशात मोजलेले आयुष्य खरे मानावे, की दिवसरात्रीच्या फेऱ्यांत मोजलेले? हा घोळ मिटावा म्हणून 2020 साली अनेक देशांच्या संशोधकांनी एकत्र येऊन अंधार, प्रकाश, उष्णतेचे फेरे, विद्युद्दाब आणि उघडे आकाश अशा निरनिराळ्या परीक्षांचा एक सर्वमान्य मसुदा सिद्ध केला. कार्यक्षमता मूळच्या 80 टक्क्यांवर उतरेपर्यंतचे तास हे आयुष्याचे रूढ माप.

तरीही अडचणी पाठ सोडत नाहीत. काळाला घाई करावी ती उष्णता वाढवून. पण या कुळातील सर्वांत जुन्या संयुगाची स्फटिकरचना सुमारे 55 अंशांवरच पालटते, तर फॉर्मामिडिनियम हा सेंद्रिय घटक असलेल्या दुसऱ्या संयुगाचे उपयोगी काळे रूप भारी उष्णतेत सुखाने राहते आणि साध्या हवेत पिवळे पडू पाहते, त्यामुळे अधिक उष्णता म्हणजे अधिक कठोर परीक्षा हे गृहीतच डळमळते. दमट उष्णतेची परीक्षा अंधारात होते, आणि या घटांना खरा जाच उष्णता व प्रकाश एकत्र आल्यावर होतो. वीज काढून न घेता उन्हात नुसता ठेवलेला घट बहुधा अधिक लवकर झिजतो. पॅनेलच्या एका भागावर झावळीची सावली पडली, तर सावलीतल्या घटावर उलटा दाब येऊन तो कायमचा बिघडू शकतो. 2022 साली प्रिन्स्टन विद्यापीठात 110 अंशांपर्यंतच्या परीक्षांवरून 35 अंशांवरील आयुष्य सुमारे 51,000 तासांचे अनुमानिले गेले, हे मोठेच यश. पण विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवरचे पॅनेल 65 अंशांच्या वर सहज तापते.

2024 साली ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जोडघटांची पॅनेले अमेरिकेतील ग्राहकाकडे रवाना केली, तेव्हा हा माल आज ना उद्या आपल्याही दारी येणार. विक्रेत्याने हजारो तासांचा दाखला पुढे केला, तर वाचकांनी एवढेच विचारावे: ते तास किती अंशांवर मोजले, उजेडात की अंधारात, वीज काढून घेत की नुसतेच ठेवून, आणि किती नमुन्यांवर? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्यावाचून पंचवीस वर्षांच्या हमीवर सही करू नये.