सत्त्याण्णव टक्क्यांमागचे एकोणसत्तर

नागपूरच्या मेडिकलमधल्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रातून किती एचआयव्हीबाधित औषध नेतात, हे तिथल्या नोंदींवरून सांगता येते. उपचार गरजूंपैकी किती जणांपर्यंत पोचले, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकूण बाधित किती हे ठाऊक हवे, आणि त्यांतल्या कित्येकांची तपासणीच झालेली नसते. त्यामुळे या भागाकारात वरचा आकडा मोजलेला आणि खालचा अंदाजाचा असतो. हा खालचा आकडा केवढा हलू शकतो, ते २००७ साली दिसले. तोवर देशात पन्नास लाखांहून अधिक बाधित असल्याचे मानले जाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत लाखभर लोकांचे रक्त तपासले गेले, गर्भवतींच्या तपासणीतून कल पाहणारी केंद्रेही वाढली, आणि अंदाज सुमारे पंचवीस लाखांवर उतरला. साथ एका रात्रीत अर्ध्यावर आली नव्हती, मोजण्याची रीत सुधारली होती.

आजचा अंदाजही पंचवीस लाखांच्या आसपासच आहे, आणि बाधितांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. ‘नाको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, अलीकडच्या हिशेबानुसार बाधितांपैकी ८१ टक्क्यांना आपली लागण ठाऊक आहे, त्यांतले ८८ टक्के औषधावर आहेत, आणि औषधावर असलेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या रक्तातला विषाणू दबलेला आहे. भाषणात ९७ शोभून दिसतो. पण प्रत्येक टक्केवारी आधीच्या टप्प्यात टिकलेल्यांचीच असते. तिन्हींचा गुणाकार केला की शंभरांतले ६९ उरतात. ९५-९५-९५ हे जागतिक लक्ष्य गाठले असते तर ८६ उरले असते. त्यातही तिसरी टक्केवारी ज्यांची व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजणारी) चाचणी झाली त्यांच्यावरून निघते, म्हणजे ६९ हाही जरा उदार आकडा. गळालेल्या ३१ जणांपैकी १९ जणांना लागण झाल्याचेच माहीत नाही, दहाएक जणांना माहीत असूनही ते औषधावर नाहीत, आणि औषध घेऊनही विषाणू न दबलेले जेमतेम दोन. गोळी आपले काम करते आहे. तपासणी मागे पडली आहे.

यावर कोणी म्हणेल, अंदाज कशाला, सरसकट सगळ्यांचे रक्त तपासा. पण २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि ते योग्यच आहे : सक्तीची चाहूल लागली की ज्यांना शोधायचे तेच आधी दूर पळतात. दुसरा आक्षेप असा की औषध घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे, तेवढे पुरे. मात्र ती संख्या नियम बदलला तरी वाढते. २०१७ पासून प्रतिकारशक्ती घसरण्याची वाट न पाहता निदान होताच औषध सुरू होऊ लागले. शिवाय उपचारांनी माणसे जगतात, म्हणूनही यादी लांबते.

जिल्ह्याच्या पातळीवर तर हिशेब आणखी निसरडा होतो. विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या छिंदवाड्याकडूनही माणसे उपचारांसाठी नागपूर गाठतात. गावातले कोणी ओळखेल या धास्तीने दूरचे केंद्र निवडणारेही असतात. त्यांची संख्या नागपूरच्या अंदाजाने भागली, तर नागपूर उगाच उजळ दिसेल आणि त्यांचा जिल्हा उगाच मागास. कामासाठी सुरतेला गेलेला माणूस इथे औषध सोडलेला आणि तिथे नवा रुग्ण म्हणून मोजला जाऊ शकतो. एका व्यक्तीचा माग सर्व केंद्रांत राहावा, यासाठी ‘सोच’ ही संगणकीय नोंदप्रणाली आणली गेली. ती चोख चालेपर्यंत जिल्ह्यांच्या क्रमवारीवरून कोणाला शाबासकी वा ठपका देणे घाईचे आहे.